शनिवारी सहाला हसणारे काका

“वहिनी, ही मालिका तू बघू नकोस. तुला झेपणार नाही,” असं माझ्या दिराने मला अगदी स्पष्ट सांगितलं होतं.

“का? मारामारी आहे का? रक्तबिक्त?”

“रक्त असतं तर तू आवडीने बघितली असतीस, जखम नीट धुतली की नाही ते तपासायला. हिच्यात काहीच होत नाही. आणि तुझं सगळं आयुष्य ‘आता काय होणार’ यावर चाललंय. जीव टांगणीला लागेल आणि तिथेच लटकत राहील.”

मी ते हसण्यावारी नेलं. एक म्हणजे मला कुणी ‘बघू नकोस’ म्हटलं की मी आधी बघते. आणि दुसरं म्हणजे माझ्या घरात, माझ्या बाळासमोर जे काही चालतं, ते मला माहीत असावंच लागतं.

हा दीर आमच्याकडेच राहतो. सोफ्यावर झोपतो आणि जपानी ॲनिमेचे, म्हणजे तिकडच्या कार्टून मालिकांचे, संवाद आपल्या भाषेत लिहितो. पडद्यावरच्या माणसाचं तोंड मिटलं की त्याचं वाक्यही तिथेच संपायला हवं, अशी त्या कामाची अट असते. त्यामुळे हा दिवसभर आरशासमोर मासोळीसारखा तोंड उघडत-मिटत बसलेला असतो. आमच्या बाईसाहेब, म्हणजे आमची मुलगी, नुकत्या बसायला लागल्या तेव्हा काकाचं बघून त्याही तसंच करू लागल्या. मला वाटलं, पोरीला श्वास पुरत नाही. तशीच अनवाणी उचलून डॉक्टरांकडे नेली. डॉक्टरांनी तपासलं, मग माझ्या नवऱ्याकडे बघितलं. “बाळ उत्तम आहे,” ते म्हणाले. ‘बाळ’ या शब्दावर त्यांनी जरा जास्तच जोर दिला.

त्या दिवसापासून घरात माझं नाव ‘काळजीवाहू सरकार’. हे बारसं नवऱ्याने केलं. तो लिफ्ट दुरुस्त करतो. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसांशी दाराबाहेरून शांतपणे बोलत राहणं हा त्याच्या कामाचा निम्मा भाग आहे, आणि घरी आला की तो माझ्याशीही त्याच आवाजात बोलतो. “काही झालेलं नाहीये. मी इथेच आहे. दीर्घ श्वास घे.” हे ऐकलं की मला धडधडायला लागतं.

तर ती मालिका, दिरानेच संवाद लिहिलेली. तिचं नाव ‘कृपया बसून घ्या’. सातव्या पाताळाचा सम्राट पृथ्वीची राखरांगोळी करायला येतो. शिंगं आहेत, जळता अंगरखा आहे, ढगांचा गडगडाट आहे. पण पृथ्वीच्या वेशीवर एक कचेरी असते आणि खिडकीतली बाई मान वर न करता म्हणते, “टोकन घ्या. कृपया बसून घ्या.” सम्राट टोकन घेतो आणि बाकावर बसतो. झाली मालिका. त्याचा नंबर येतच नाही. शेजारी एक म्हातारी असते, ती पत्ता बदलून घ्यायला आलेली आहे, पण नेमकं कुठे राहायला जायचं हे तिचं ठरत नाही. एक भूत असतं, त्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर तारीख चुकली आहे. एका भागात सगळे मिळून पंखा बघतात. पूर्ण भागभर. एका भागात शेवटची श्रेयनामावली सुरुवातीलाच येते आणि पात्रं ती वाचत बसतात, मध्येच भूत म्हणतं, “हा रंगवणारा माझ्या शाळेत होता.”

पहिला भाग मी बाईसाहेबांना मांडीवर घेऊन, एक हात त्यांच्या डोळ्यांवर तयार ठेवून बघितला. आता जाळेल, मग जाळेल. सम्राटाने टोकन उलटं करून बघितलं, सुलटं केलं, खिशात ठेवलं. भाग संपला. मी संतापले. “हे काय आहे? याचा तुला पगार देतात?” असं दिराला विचारणार, तेवढ्यात भिंतीपलीकडून हसण्याचा असा काही स्फोट झाला की आमच्या कपाटातल्या बशा वाजल्या.

भिंतीपलीकडे दातवाले काका राहतात. त्यांची आमची ओळखही माझ्याच कृपेने झाली होती. आम्ही राहायला आलो त्या आठवड्यात मला भिंतीतून जळका वास आला आणि मी सरळ आगीच्या बंबाला फोन लावला. बंब आला, शिडी लागली, खाली निम्मा रस्ता गोळा झाला. मग शेजारचं दार उघडलं आणि पांढऱ्या मिशांचे एक नीटनेटके गृहस्थ बाहेर आले. त्यांच्या तळहातावर गुलाबी हिरड्यांसकट एक वरचा जबडा होता.

“हे जळतंय,” ते म्हणाले. “म्हणजे जळत नाहीये, शिजतंय. बघायचंय का?”

काकांनी जन्मभर कवळ्या बनवल्या. आता कामावर जात नाहीत, पण जुनी गिऱ्हाइकं सोडत नाहीत म्हणून स्वयंपाकघराच्या ओट्यावरच मेण, प्लास्टर आणि कुठल्या तरी घाणेरड्या वासाचं द्रव मांडून बसतात. त्यांचे स्वतःचे दात म्हणजे त्यांची पाटी. इतके सुंदर, की कुणाला खरे वाटावेत, आणि फार सरळ असले तर खोटे वाटतील म्हणून त्यांनी मुद्दाम एक दात किंचित वाकडा बसवलेला. हे दात घातल्याशिवाय ते पोस्टमनलाही दार उघडत नाहीत. पोस्टमन बेल वाजवून जिन्यात बसून घेतो.

“शेफ डबा उघडा टाकून गिऱ्हाइकासमोर येतो का?” असं त्यांचं म्हणणं. या वाक्याचा अर्थ मला अजून नीट लागलेला नाही, पण ते इतक्या ठामपणे म्हणतात की मान डोलवावीच लागते.

तर, हा माणूस एवढा हसला तो कशाला, हे कळल्याशिवाय मला चैन पडेना. म्हणून मी दुसरा भाग बघितला. तिसराही बघितला. दर शनिवारी सहाला मालिका लागायची आणि भिंतीतून हसू यायचं, पण ते माझ्या अंदाजाच्या जागी कधीच यायचं नाही. भूत बाकावरून पडलं, भिंत गप्प. खिडकीतली बाई शिंकली, भिंत गप्प. आणि जिथे पडद्यावर काहीच हलत नसायचं, तिथे पलीकडे हास्याचा गडगडाट.

शेवटी जिन्यात गाठलंच. “काका, एक विचारू? तुम्हाला नेमकं कुठे हसू येतं हो?”

“सम्राट सरकतो ना, तिथे.”

“कुठे सरकतो?”

“अगं, लक्ष कुठे असतं तुझं? म्हातारी पाण्याला उठते. परत आली की तो अंगरखा आवरून घेतो आणि थोडा सरकतो. जग जाळायला आलाय, बाई! आणि दर वेळी जागा करून देतो. कुणी सांगत नाही त्याला.” एवढं सांगतानाच त्यांना हसू फुटलं, जिन्याचा कठडा धरून ते हसले. मग डोळे पुसून म्हणाले, “आणि दात बघितलेस का त्या पात्रांचे? नुसती पांढरी पट्टी ओढलीये. शहाणे आहेत चित्रकार. एकेक दात काढायला गेले असते तर माझ्यासारखी पाठ गेली असती.”

पुढच्या शनिवारी मी बघितलं. सम्राट सरकला. अगदी बोटभर. आणि मला इतकं हसू आलं की बाईसाहेबांना उचकी लागली. घाबरल्या नव्हत्या, आईचा हा आवाज त्यांना नवा होता.

त्यानंतर मला कळलं की ती मालिका मला का आवडते. माझ्या डोक्यात दिवसभर असे सम्राट येत असतात. बाळाने बटण गिळलं तर? खिडकीचा गज सैल झाला तर? गॅस, जिना, ताप, कुत्रं. शनिवारी संध्याकाळी जगाचा शेवट माझ्यासमोर बाकावर बसलेला असायचा आणि त्याला बिस्किट दिलं तर तो ‘धन्यवाद’ म्हणायचा. एवढ्या वेळात मी एकदाही बाळाच्या नाकाखाली बोट धरलेलं नसायचं. हे मी दिराला सांगितलं नाही. एवढं डोक्यावर चढवायचं नसतं.

भिंतीच्या दोन्ही बाजूंनी आम्ही हसू लागलो. मी आधी हसले तर पलीकडून भिंतीवर थाप पडायची, शाबासकीची. नवरा म्हणायचा, “लग्न माझ्याशी झालंय आणि टाळ्या भिंतीशी.”

मग एका शनिवारी पलीकडून आवाजच आला नाही. मी टीव्ही बंद केला, ऐकलं, पुन्हा ऐकलं. “काका हसले नाहीत.”

“विनोद फसला असेल,” नवरा म्हणाला.

“माझे विनोद फसत नाहीत,” दीर म्हणाला.

मी नवऱ्याला त्यांच्या दारात पिटाळलं. काकांनी दार उघडलं, ओठ घट्ट मिटलेले, आणि खुणेनेच तोंडाकडे बोट दाखवलं. नव्या कवळीचा पहिला दिवस होता. हसले असते तर ती पडद्यावर जाऊन आपटली असती. नवरा परत आला तो कपाळाला हात लावून. “सरकार, ते जिवंत आहेत. फक्त दात ओले आहेत.” पुढे पंधरवडाभर घरात कुणी काही बोललं नाही की दुसरा विचारायचा, “काय रे, दात ओले आहेत का?”

हे सांगायचं कारण असं, की पुढच्या वेळी माझं कुणी ऐकणार नव्हतं.

ती वेळ आली मोठ्या भागाच्या दिवशी. या भागात सम्राटाचा नंबर लागणार अशी सगळीकडे चर्चा होती. संवाद दिरानेच लिहिलेले, पण कंपनीने त्याला शपथ घातली होती, त्यामुळे आठवडाभर तो गूढ चेहरा करून हिंडत होता. काका तर जिन्यात माझ्या मागेच लागले होते. “विचार ना त्याला. तू वहिनी आहेस, जेवण बंद कर त्याचं.”

सहा वाजले. आम्ही तिघं आणि बाईसाहेब सोफ्यावर दाटीवाटीने बसलो. म्हातारी उठली, पाणी प्यायली, परत आली. सम्राट सरकला.

भिंत गप्प.

“दात ओले,” नवरा आणि दीर एका सुरात म्हणाले.

“या महिन्यात नवीन कवळी नाहीये त्यांची. मला माहीत आहे.”

“तुला शेजाऱ्यांच्या कवळ्यांचं वेळापत्रक माहीत आहे?”

मी बाईसाहेबांना कडेवर घेतलं आणि जाऊन बेल वाजवली. नवरा मागोमाग आला, मला आवरायला. बराच वेळ काही नाही. मी पुन्हा बेल दाबली, दार ठोकलं.

“बरा आहे!” आतून काकांचा आवाज आला. “जा तुम्ही, बघा. चुकेल.”

“ऐकलंस?” नवरा म्हणाला. “बरे आहेत. चल.”

मी परत आले, बसले. पडद्याकडे बघत होते, पण दिसत काही नव्हतं. त्या आवाजात काहीतरी कमी होतं. शब्द तेच, माणूस तोच, पण आवाज मऊ पडलेला, बोळक्या तोंडाचा.

“त्यांनी दात घातलेले नव्हते,” मी म्हणाले.

“अगं, घरातच आहेत. काढले असतील.”

“शनिवारी सहाला? नेमके हसायच्या वेळेला?”

दीर फिसकन हसला. मग हसता हसता थांबला. “दादा,” तो म्हणाला, “ते माझ्याशी फोनवर बोलतानासुद्धा दात घालतात.”

मी टीव्ही बंद केला, नवऱ्याने दारामागची हत्यारांची पिशवी उचलली आणि आम्ही सगळेच निघालो.

या खेपेला त्याने बेल वाजवली नाही. दाराला कान लावून, कामावरच्या त्या आवाजात म्हणाला, “काका, मी इथेच आहे, बाहेर. एकच सांगा. उभे आहात की बसलेले?”



“आडवा,” काका म्हणाले.

 मला नवऱ्याच्या त्या संथ आवाजाचा राग यायचा ना, त्या दिवशी मी त्याच आवाजाला धरून उभी होते. नवरा कुलुपाशी खटपट करत बोलत राहिला, “छान. आडवेच राहा. उठायचा प्रयत्न नको. मी फक्त कुलूप काढतोय, तुम्ही श्वास घ्या,” आणि पलीकडून काकांचा खोल श्वास ऐकू आला, आणि माझाही.

काका न्हाणीघरात पडले होते, कपडे धुण्याचं मशीन आणि भिंत यांच्या फटीत अडकून. कंबरेला टॉवेल, तोही नावाला. सकाळी अंघोळ करून निघताना घसरले आणि तेव्हापासून तिथेच. पाय भलत्याच कोनात होता. ओठ निळसर पडले होते, फरशी गार आणि ओली. मी बाईसाहेबांना कोरड्या बादलीत बसवलं आणि पांघरुणं आणायला वळले, तर काका हात वर करून काहीतरी मागत होते. दात. बेसिनवर ग्लासात ठेवलेले, हात पोचणार नाही असे.

“आधी फोन करू द्या, काका!”

“आधी दात.”

नवऱ्याने फोन लावला, मी दात दिले. ते बसवून काका एकदम माणसात आले आणि माझ्याकडे रागाने बघू लागले.

“मगाशी ‘बरा आहे’ का म्हणालात?” माझा आवाज चढला. “आम्ही परत गेलो होतो! बसलो होतो सोफ्यावर!”

“मग काय म्हणू? उघडाबोडका पडलोय, तोंडात दात नाहीत, आणि दारात शेजारची सूनबाई. म्हटलं, सकाळी बघू.”

“सकाळी?”

त्यांनी मान फिरवली. मी रडायच्या बेतात होते, तेवढ्यात ते अगदी हळू म्हणाले, “तुमचा टीव्ही इथे ऐकू येतो. सगळं नीट ऐकू येत होतं. मग तू तो बंद केलास. नंबर आला का त्याचा?”

मी नवऱ्याकडे बघितलं. तो पळत घरी गेला आणि टीव्ही पुन्हा लावून आवाज इतका वाढवला की सातवं पाताळ त्या न्हाणीघरात शिरलं. ॲम्ब्युलन्स निघाली होती. मी काकांना पांघरुणात गुंडाळून त्यांचे तळवे चोळत होते, आणि त्यांच्या डोक्याशी मांडी घालून बसलेला माझा दीर, तोच सगळं लिहिणारा, त्यांना न दिसणारी चित्रं सांगत होता.

“आता पाटीवरचा दिवा लागला, काका. त्याचाच नंबर. तो उठलाय. सगळे उठलेत. भूतसुद्धा.”

“अंगरखा?”

“पेटलाय. पार छतापर्यंत. खिडकीपाशी गेला. बाईने शिक्का उचलला.”

“मग?”

“मागे वळून बघतोय.”

“म्हातारीकडे,” काका म्हणाले.

“म्हातारीकडे. परत आला. स्वतःचं टोकन तिच्या हातात दिलं. आता यंत्रातून नवीन घेतोय.”

काका थरथरायला लागले. मला वाटलं, थंडीने. त्यांचं अंग मी आणखी घट्ट धरलं.

“आणि बसतो,” दीर म्हणाला. “आणि बाकावर आता दुसरं कुणीच नाही. तरी सरकतो.”

काकांचं हसू सुटलं. “नका रे हसवू! पाय... अरे, पाय!” ते ओरडत होते आणि हसत होते, आणि बादलीतून बाईसाहेबही दोन्ही हातांनी बादली बडवत हसत होत्या. स्ट्रेचर घेऊन आलेल्या माणसांनी दारातच थांबून आधी आम्हाला नीट बघून घेतलं. “पेशंट कोण?” त्यांनी विचारलं.

खुबा मोडला होता. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “या वयात, ओल्या फरशीवर, रात्रभर राहिले असते तर...” आणि पुढचं वाक्य त्यांनी माझा चेहरा बघून गिळलं. ते मी घरी येऊन स्वतःच पूर्ण केलं, अनेकदा. नवऱ्याने मला त्या आठवड्यात एकदाही सरकार म्हटलं नाही. मग मीच त्याला सांगितलं की म्हणत जा, नाहीतर मला काळजी वाटते.

काका आता इथे नाहीत. त्यांची मुलगी आली आणि त्यांना आपल्या गावी घेऊन गेली. चांगली आहे ती, पण दिवसभर नोकरीवर असते आणि शनिवारी उशिरा परतते. मी काकांना फोन करते. “बरा आहे,” ते म्हणतात, आणि मी कान देऊन ऐकते. बहुधा दात घातलेले असतात. पण फोनवर नक्की सांगता येत नाही, आणि मधली भिंत आता फार जाड झाली आहे. मुलीला विचारलं, “शेजारी कोण राहतं?” तर ती म्हणाली, “काय माहीत, कधी बोललो नाही.” त्या रात्री मला झोप लागली नाही.

म्हणून तुम्हाला विचारते. तुमच्या इमारतीत अलीकडे एक वयस्क गृहस्थ राहायला आलेत का? पांढऱ्या मिशा, हातात काठी, दात फार देखणे, त्यातला एक किंचित वाकडा. कधी तरी भिंतीतून जळका वास येईल, त्याला घाबरू नका. शनिवारी सहाला ते मोठ्याने हसतील, त्याचीही तक्रार करू नका. पण एखाद्या शनिवारी हसले नाहीत, तर जाऊन बेल वाजवा. आतून ‘बरा आहे’ असं ऐकू आलं तर परत फिरू नका, उभे आहात की आडवे ते विचारा. तुम्हाला वेड्यात काढतील, काढू द्या.

तेवढं बघून या, आणि मला कळवा.